बदामाची वाकळ

आमच्या आत्याला माणूस आधी दिसत नाही, आधी त्याचा सदरा दिसतो. दारात आलेल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणता म्हणता तिचा उजवा हात त्याच्या बाहीकडे जातो. अंगठा आणि तर्जनीत कापड धरून ती ते हलकेच चोळते आणि निदान सांगते, "सुती आहे. पाच-सहा वर्षांत छान मऊ पडेल." पाहुण्याला वाटतं, कौतुक चाललंय. तो खुशीत सांगतो, परवाच शिवला. आत्या म्हणते, "असू दे, असू दे. मला घाई नाही."

अशी एक बाई प्रत्येक घराण्यात असते. कुणाची मावशी, कुणाची थोरली काकू, कुणाची विहीणबाई. तिच्या लेखी कापड मरत नाही, त्याचं फक्त वय होतं. सणाची साडी घरात नेसायची साडी होते, मग तिचे अभ्रे होतात, अभ्र्यांचं दुपटं होतं आणि सगळ्या वाटा शेवटी वाकळेला येऊन मिळतात. वाकळ फाटली की ती पुढच्या वाकळेच्या पोटात जाते. शहरातले लोक गोधडी म्हणतात, सांगलीत आत्या वाकळच म्हणते. पायपुसण्यापर्यंत पोचलेलं कापड तिच्या घरात फार क्वचित दिसतं, आणि दिसलंच तर ती त्याच्याकडेही "अजून दम आहे" अशा नजरेनं बघत असते.

लोक अशा बायकांना चिकट म्हणतात. हा अन्याय आहे. आत्या अख्खी वाकळ कुणालाही उचलून देते. दूधवाल्याच्या बाळंतिणीला दिली, समोरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरांना दिली, मीटर वाचायला आलेला माणूस दोनदा शिंकला म्हणून त्यालाही द्यायला निघाली होती. पण तिच्याकडे वीतभर कातरण मागून बघा. "कशाला हवंय?" म्हणून सुरू होणारी चौकशी "बघू" या शब्दावर संपते आणि तिथेच कायमची थांबते.

"बघू" हे तिच्या एका बोचक्याचंही नाव आहे. गावभागातल्या तिच्या जुन्या घराच्या माळ्यावर बोचकी रचलेली आहेत. लुगड्यांचं वेगळं, धोतरांचं वेगळं, परकर-पोलक्यांचं वेगळं, काठापदरांचं वेगळं. ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही, ते "बघू"त जातं. बाकीच्या सगळ्या बोचक्यांची बेरीज केली तरी "बघू" मोठं भरतं. आतोबांचा एक कोटही त्यात आहे, असं आतोबांचं म्हणणं आहे. आत्या नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही.

बोहारणीशी तिचं हाडवैर. गल्लीत "भांडीऽऽये" अशी हाळी ऐकू आली की आत्या हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर पळते. शेजारणीच्या दारात पातेल्यावरून घासाघीस ऐन रंगात आली की ही मध्ये उभी राहून त्या साड्या उलगडते आणि "अगं, ही मलमल आहे, मलमल! पातेल्यासाठी मलमल देतेस?" असा कळवळा काढते. एकदा तर तिनं घरातला झाकणाचा स्टीलचा डबा देऊन बोहारणीच्याच गाठोड्यातून दोन धोतरं सोडवून आणली. धंदा असा उलटा फिरलेला बघून बोहारीण क्षणभर चक्रावली, मग दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि डबा घेऊन झपाझप चालू पडली. आतोबा बरेच दिवस तो डबा शोधत होते. त्यात चिवडा असायचा.

आतोबा निवृत्त हेडमास्तर. रोज दुपारी माडीवर मित्रांबरोबर पत्ते खेळतात, बहुधा बदाम सात. चिंध्यांवरून त्यांनी आत्याला टोकलं की ती द्रौपदीला साक्षीला काढते. "कृष्णाच्या बोटाला धार लागली तेव्हा चिंधीच उपयोगी पडली ना?" एकदा आतोबांनी मास्तरी हिशेबानं तिला पकडलं. म्हणाले, "ती चिंधी जुनी नव्हती. द्रौपदीनं नेसता भरजरी शालू फाडला होता." आत्या म्हणाली, "तेच तर सांगतेय! घरात वेळेवर जुनी चिंधी असती तर शालू वाचला असता." आतोबा खाली मान घालून पत्ते पिसायला लागले.

एका कापडाला मात्र तिच्या घरात थारा नाही. आत्याच्या मते महाराष्ट्राचा ऱ्हास टेरीकॉटपासून सुरू झाला. त्यात घाम जिरत नाही, दोऱ्याच्या टाक्याला ते दाद देत नाही, आणि तीस वर्षं वापरलं तरी मऊ व्हायचं नाव नाही. सुती कापड धुण्यात आकसतं, टेरीकॉट आहे तसंच राहतं, मग दोन्ही एका वाकळेत घातली की वाकळ पहिल्याच धुण्यात तोंड वाकडं करते. हे शास्त्र बरोबर आहे. फक्त ते ती लग्नाच्या मांडवात, वरपक्षाच्या लोकांच्या पॅंटींकडे बघून सांगते.

वाकळ घालायची म्हणजे आधी जागा. मधल्या खोलीतली फरशी पुसून कोरडी करायची, त्यावर नऊवारी लुगडं दुमडून अंथरायचं, त्यावर थर, त्यावर पुन्हा थर, आणि सगळ्यांत वर तुकडे जोडून केलेली तोंडाची बाजू. पहिल्या कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या, तिसऱ्यावर अडकित्त्याची पेटी, चौथ्यावर मी. लहानपणीच्या माझ्या सुट्ट्या बऱ्याचशा त्या चौथ्या कोपऱ्यावर गेल्या. हलायचं नाही. हललं की घडी सरकते. आत्या तळहातानं सुरकुत्या काढत काढत येते, लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरवते आणि मग दुहेरी पांढऱ्या दोऱ्यानं कडेपासून धावदोरा सुरू करते. कडेनं एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, असं फिरत फिरत मध्यावर जायचं. जसजशी ती आत सरकते तसतसं मागे शिवलेलं कापड बारीक बारीक चुण्या धरून फुगतं आणि वाकळेला ते अंग येतं जे कुठल्याही ब्लॅंकेटला येत नाही. तिचे टाके मोजून काढावेत इतके सारखे. टेप नाही, पट्टी नाही, खडू नाही. कुणीतरी तिला पितळी अंगुस्तान आणून दिलं होतं. त्यात तिनं कुंकू ठेवलं.

सुईत दोरा ओवणं मात्र आता तिला जमत नाही. म्हणून शाळेतून येणारं कुठलंही पोर ती दारात अडवते आणि त्याच्याकडून आठ-दहा सुया एकदम ओवून घेते. त्या सुया मग लोडाला, गादीला, खुर्चीच्या पाठीला, जिथे हात जाईल तिथे टोचलेल्या असतात. आत्याच्या घरी जाणाऱ्यानं बसण्यापूर्वी बैठक तपासावी. जुने पाहुणे तपासतात. नवे पाहुणे उठून उभे राहतात.

एवढं सगळं करून त्यात कला वगैरे असते हे तिला मान्य नाही. धाकट्या सुनेनं एकदा प्रदर्शनातून बंगाली कांथाची साडी आणली. आत्यानं चष्मा लावून पदर उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हा धावदोरा. याचे वेगळे पैसे दिलेस?" सूनबाई म्हणाली, "आई, हॅंडवर्क आहे." आत्या म्हणाली, "मग मी काय पायानं शिवते?" पण त्याच प्रदर्शनात ती स्वतः गेली तेव्हा तिथे उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची एक कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, टांगली होती. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी घालून फुलं लावलेली असतात, फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. आत्या त्या कोपऱ्याजवळ बराच वेळ उभी राहिली, बोटानं फूल चाचपलं, आणि म्हणाली, "हे आपल्याला कसं सुचलं नाही?" त्यानंतरच्या तिच्या वाकळांना फुलं आहेत. कुठून आली विचारलं तर म्हणते, "आमच्यात असतातच."

तिच्या वाकळा वाचता येतात. मात्र शेजारी तिला बसवून वाचाव्या लागतात. कुठला तुकडा कुणाच्या मुंजीतला, कुठला कुणाच्या बाळंतपणातला, हे तिला डोळे मिटून सांगता येतं. आणि मानपान असा की लग्नातल्या पंक्तीत नसेल. ज्यांच्यावर लोभ आहे त्यांचं कापड तोंडाच्या बाजूला, मधोमध. ज्यांच्याशी जेमतेम बोलणं आहे त्यांचं कडेला, जिथे पाय येतात तिथे. आणि ज्यांनी तिला खरोखर दुखावलं त्यांचं आतल्या थरात, जिथे ते कुणाला दिसत नाही. तिच्या सासूबाईंची झाडून सगळी लुगडी आत आहेत. आजवर सगळ्यांचं सगळं तिनं असं पोटात घातलंय.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आतोबांनी पासबुकं, दागिन्यांची डबी आणि पत्त्यांचा कॅट घेतला. आत्यानं बोचकी घेतली. माळ्यावर पाणी येणार नव्हतं, हे तिला तीन जणांनी सांगितलं. तरीही एकेक बोचकं माळ्यावरून उतरवून, गुडघाभर पाण्यातून जिना चढून तिनं माडीवर नेलं. टीव्ही खाली राहिला. रात्री शेजारची दोन कुटुंबं माडीवर आली, वीज नव्हती, बाहेर पाण्याचा आवाज. आत्यानं वाकळा काढल्या आणि सगळ्यांना पांघरल्या. इथवर हे कुणालाही भरून यावं असंच आहे. पण मग तिनं कंदील घेऊन प्रत्येकाजवळ बसून माहिती द्यायला सुरुवात केली. "तुमच्या छातीवर आहे ना, ते आमच्या मामंजींचं धोतर. शेवटच्या आजारात हेच नेसले होते." झोप कुणालाच लागली नाही, आणि सगळा दोष पुरावर गेला. पाणी ओसरल्यावर गल्लीत चिखलानं भरलेल्या साड्यांचे, चादरींचे ढीग पडले. तेव्हा चार दिवस तिला घराबाहेर जाऊ दिलं नाही.

तर अशा या आत्याला एडिसनहून, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनहून, नातीचा फोन आला. नातीला मुलगी झाली होती. आत्याला पणती. नात म्हणाली, "आजी, बाळाला तुझ्या हातची पाहिजे, पण अशी," आणि एक चित्र पाठवलं. पांढऱ्या कापडावर तुकड्यांचे बदाम. सोबत एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ, कसं करायचं त्याचा. आत्यानं तो मला शेजारी बसवून पाहिला.

करायला सोपंच आहे. एका बदामाला चार ओळी, ओळीत चार चौकोन. सोळांपैकी सहा अख्खे रंगीत, दोन कोरे पांढरे आणि आठ अर्धे-अर्धे, म्हणजे तिरक्या रेघेच्या एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला पांढरं. वरच्या ओळीतले चार अर्धे बदामाचे दोन खांदे करतात. खालच्या दोन ओळींतले चार त्याला निमुळतं करत टोकाशी नेतात. चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा, शिलाईत दोन्हीकडून पाव पाव इंच गेला की तीन उरतो.

"साडेतीन," आत्या म्हणाली. "मुहूर्त बरा धरलाय." मग थांबून म्हणाली, "पण माया पाव इंचच? एवढीशी? आम्ही बोटभर सोडतो."

अर्ध्या चौकोनांपाशी ती बाई काय करते हे मात्र आत्यानं तीनदा मागे नेऊन बघितलं. रंगीत आणि पांढरा असे थोडे मोठे चौकोन एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टीप घालायची आणि मग रेघेवर कापायचं. उघडलं की दोन जोडचौकोन तयार. आधी उरेब कापून मग शिवायला गेलं तर कापड ताणतं आणि कड लाटा खाते. आधी शिवून घेतलं की ताणायला जागाच उरत नाही. आत्या म्हणाली, "बया हुशार आहे." मग ती बाई त्या जोडचौकोनाच्या कडा छाटून साडेतीन इंचांवर आणते आणि छाटलेलं टोपलीत टाकते, ते दिसलं. आत्या म्हणाली, "नाही, हुशार नाही."

नवं कापड आणायचं का, असं नातीनं विचारलं होतं. तिकडे या कामासाठी मुद्दाम नवं सुती कापड मिळतं, कापून, घड्या घालून. आत्याला हे पटेना. "धडधाकट कापड फाडायचं आणि परत जोडायचं? त्यांच्याकडे जुनं नसतं? सगळं बोहारणीला घालतात?"

नऊ बदाम ठरले. तीनच्या तीन ओळी, एकेक बारा इंचांचा, म्हणजे सगळं मिळून वारभर लांब, वारभर रुंद. चोपन्न अख्ख्या जागा आणि बहात्तर अर्ध्या. जागा एकशे सव्वीस आणि इच्छुक अमाप. पणतीच्या वाकळेत कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं यावर आत्यानं जे रुसवेफुगवे ओढवून घेतले त्यांना तोड नाही. बातमी फुटली. नातीच्या सासूबाईंनी पुण्याहून स्वतःच्या दोन साड्या कुरिअर केल्या, एक सिंथेटिक. ती सरळ "बघू"त गेली. धाकट्या चुलत्यांनी फोन करून आपला रेघांचा शर्ट देऊ केला, आत्या म्हणाली, अर्धी जागा आहे, चालेल का? आतोबांच्या पत्त्यांच्या मंडळींना सगळ्यांत जास्त धोका होता, कारण ते हाताशी होते. त्यांच्यातल्या एकाची कॉलर आत्यानं मागून उलटून पाहिल्यावर सगळे टेरीकॉटचे शर्ट घालून यायला लागले.

माझा लाल चौकड्यांचा शर्ट तिच्या दोरीवर वाळत होता. संध्याकाळी तो चौथ्या बदामाच्या उजव्या खांद्यावर होता.

"आत्या, माझा शर्ट?"

"विरला होता रे."

"कुठे विरला होता?"

"विरणार होता."

मधला बदाम तिनं स्वतः निवडला, कुणाला विचारलं नाही. माझ्या आजीची, म्हणजे तिच्या आईची, जांभळी इरकल. नातीच्या आईच्या पहिल्या परकराचा घेर. गुळेदगुड्डच्या खणाची तिची स्वतःची एक चोळी, बाही उसवलेली. आणि सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा एक चौकोन. अख्खा. मी काही बोललो नाही. तीही नाही. ते लुगडं आतल्या थरातून उसवून काढलेलं होतं, हे त्यावरच्या जुन्या टाक्यांच्या भोकांवरून दिसत होतं.

आतोबा रोज पत्त्यांवरून उठून येत, चष्मा कपाळावर चढवून बदाम मोजत आणि म्हणत, "अजून पासच?" नववा बदाम बसल्यावर त्यांनी निकाल दिला, "ही बदाम नव्वी झाली. सत्ती केली असतीस तर डाव तरी सुरू झाला असता." पार्सलचं वजन करून आल्यावर त्यांनी आणखी एक निकाल दिला, की एवढ्या पैशात बाळाला तिथली दोन ब्लॅंकेटं आली असती. आत्या म्हणाली, "टेरीकॉटची."

पार्सल पोचलं. नातीचा व्हिडिओ कॉल आला. नात रडली, आत्या रडली, मीसुद्धा शर्टाकडे बघून थोडा. मग नातीनं फोन फिरवून खोली दाखवली. बाळ पाळण्यात कसल्याशा पिवळ्या लोकरीत गुंडाळलेलं होतं आणि वाकळ भिंतीवर. वर लाकडी दांडी, दोन खिळे, बाजूला छोटा दिवा.

आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. "भिंतीला थंडी वाजते का गं?"

नात समजावत होती. तिकडे अशा वाकळांची फार कदर आहे, म्हणाली. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. तू पण कलाकार आहेस आजी, रोज वापरून खराब कशी करू?

"त्या बायकांनी कशाला शिवल्या होत्या?" आत्यानं विचारलं.

"अं… थंडीसाठी."

"मग?"

नातीनं वाकळ उतरवते म्हणून कबूल केलं. पण आत्याचा अमेरिकेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. दुसऱ्या दिवशी तिनं मधली फरशी पुसली आणि मला चौथ्या कोपऱ्यावर बसवलं. या वाकळेला एकच बदाम, भला मोठा, मधोमध. सगळाच्या सगळा आतोबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या लेंग्याचा. खिसा तसाच ठेवला. नाडीही तशीच ठेवली, टोकाशी गाठ मारून, बाहेर लोंबती.

"आता लाव म्हणावं भिंतीवर," आत्या म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. आतोबा माडीवरून लेंगा कुठाय म्हणून हाका मारत होते.